बिनआवाजाची गाडी

आमच्या घरात पक्की खोली एकच होती, आणि भिजू नये असं जे जे काही असेल ते सगळं तिच्यात असायचं. देव, बियाण्याच्या पिशव्या, माझी पुस्तकं, आणि दसरा जवळ आला की वेचून आणलेला कापूस. बाकीच्या दोन खोल्या पत्र्याच्या. त्यांत पाणी कुठून उतरेल याचा भरवसा नसे. कापूस आला की त्या खोलीचा आवाजच बदलायचा. एरवी तिथे बोललं की भिंतींवरून शब्द परत येत. ढीग खिडकीपर्यंत चढला की सगळं बोलणं त्यात मुरून जाई, आणि शेजारी उभं राहून बोलणारं माणूसही लांबून बोलल्यासारखं वाटे. उन्हात तापलेल्या कापसाला एक वास असतो, जरा धुळीचा, जरा सरकीचा. आज शहरात नवी गादी घेताना मी अजूनही आधी तिला नाक लावते. तो वास नसतो.

त्या वर्षी त्या खोलीत आबांची खाटही होती. आबा म्हणजे माझे वडील. उन्हाळ्यात शेणखताची ट्रॉली मागे घेताना त्यांचा डावा पाय ट्रॉली आणि गोठ्याची भिंत यांच्यात सापडला. जालन्याच्या दवाखान्यात सळई घालून पाय वाचवला, पण घोटा वळायचा थांबला तो थांबलाच. काठी टेकत ते अंगणातल्या नळापर्यंत जात आणि तेवढ्यानं घामाघूम होऊन परत येत. आमचं घर गावाच्या वरच्या टोकाला, आणि शेत शिवेपलीकडे ओढ्याच्या काठाला. दारातून निघालेला रस्ता मारुतीच्या देवळावरून शिवेपर्यंत आणि पुढे शेतापर्यंत सगळा उताराचा. शिवेच्या अलीकडे एक मोरी आहे, तिच्यावर तेवढा थोडा चढ. लहानपणी मी पायडल न मारता सायकलवर शेतात जायची, फक्त मोरीच्या आधी ब्रेक लावायचा नाही हे ध्यानात ठेवायचं. येताना मात्र ढकलत.

आबांची मोटारसायकल गोठ्यात पोत्यांखाली उभी होती. गियर डाव्या पायानं टाकायचा, आणि डावा पाय तर लाकडासारखा. कुणी म्हणे बिनगियरची स्कूटर घ्या. पण आमच्या शेताची वाट म्हणजे काळ्या मातीतली गाडीवाट, स्कूटरची बुटकी चाकं चाकोरीत बसली की निघायची नाहीत. त्यामुळे आबा खाटेवर आणि माय एकटी शेतात, असं चाललं होतं. भागवतकाका, म्हणजे आबांचे चुलतभाऊ, दर दोन-चार दिवसांनी यायचे. खाटेच्या पायथ्याशी बसायचे, बशीत चहा ओतून प्यायचे, आणि बशी खाली ठेवताना तोच विषय काढायचे.

"उत्तम, शेताला रोज मालकाचा पाय लागावा लागतो. तुझा पाय तर हा असा. बटईनं दे मला, निम्मं निम्मं. घरातल्या घरात ऱ्हाईल."

ते वाईट माणूस नव्हते. बोलत होते तेही खोटं नव्हतं. आबा दरवेळी "बघू" म्हणायचे. एका संध्याकाळी मात्र ते उठून बसले. खोलीत आणखी दोघं-तिघं होते, त्यांच्या देखत म्हणाले, "दसऱ्यापर्यंत थांब. दसऱ्याला माझा मी, कुणाच्या मागं न बसता, शीव वलांडून शेतात न्हाई गेलो तर तिथंच तुझ्या हातात सोनं देतो अन् शेत बटईनं देतो. मंग पुन्हा तोंड उघडणार न्हाई."

असं बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा जालन्याला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात आठवीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. आठवडाभर आधी मीच त्यांना सांगितलं होतं की तुमच्या मोटारसायकलीचं इंजिन काढून तिला विजेची करता येईल. गियर नाही, किक नाही, चाकं तीच मोठी. आता त्यांनी माझ्या भरवशावर चार माणसांत शब्द दिला होता.

वडीगोद्रीला हायवेच्या कडेला सलीमचाचांचं वेल्डिंगचं दुकान होतं. शाळेत ते आणि आबा एका बाकावर बसायचे. मी टेम्पोत घालून मोटारसायकल नेली तेव्हा ते एका गेटावर वाकले होते. त्यांनी चष्मा वर केला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि टाकीवर हात ठेवला.

"बेटी, इंजिन निकालना आसान है. उत्तम को पूछी क्या?"

"पुसलं."

"क्या बोला?"

"काहीच न्हाई. भिंतीकडं तोंड करून झोपले."

"मतलब हां बोला," चाचा म्हणाले. "ना रहता तो गाली देता. मैं पहचानता उसकू."

जालना म्हणजे लोखंडाचं गाव. सळयांच्या कारखान्यांना लागणारं भंगार कुठून कुठून तिथे येतं, आणि चाचांचे मेहुणे त्याच धंद्यात होते. त्यांच्या ढिगात अपघातात चेपलेली एक विजेची गाडी मिळाली. तिची मोटर शाबूत होती. बॅटरी मी कॉलेजात नेऊन उघडली. आमच्या सरांनी सुटीतही प्रयोगशाळेची किल्ली माझ्या हातात दिली, आणि एकदा डबा विसरले होते तेव्हा अर्धी भाकरीही. सरांचे उपकार या पुस्तकात पुन्हा पुन्हा येतील, वाचणाऱ्यानं कंटाळू नये. कमजोर शेल बाजूला काढले, चांगले जोडले, आणि ते सगळं ठेवायला मी माझी वसतिगृहातली पत्र्याची पेटी घेतली. दोन बाजूंना दोन कड्या, झाकणावर पांढऱ्या रंगात माझं नाव. तारांसाठी झाकणात एक भोक पाडलं. पाणी आत जाऊ नये म्हणून त्याला रबराची गुंडी बसवायची होती, ती जालन्यात मिळाली नाही, म्हणून दसऱ्यानंतर बघू असं ठरवलं.

चाचांनी इंजिनाच्या जागी मोटर बसवली. वर पेटीसाठी चौकट केली, डावीकडे आबांचा पाय सरळ ठेवता येईल असं लांब पायदान जोडलं, आणि दोन्ही बाजूंनी पत्र्याची झाकणं ठोकली. "लोगां पूछे तो क्या बोलूं?" ते काम करता करता म्हणायचे. "उत्तमची पोरगी गाडीत कपड्यांची पेटी घालून सासरला निघाली, असं बोलूं?" दुकानात चहा प्यायला बसलेले ट्रकवाले हसायचे, मीही हसायची, आणि घरी येताना दसऱ्याला उरलेले दिवस बोटांवर मोजायची.

घट बसले त्याच दिवशी गाडी घरी आली. मधल्या स्टँडवर उभी करून मी मूठ पिळली आणि मागचं चाक फिरायला लागलं. माय बघत उभी होती. नऊ दिवसांचा तिचा उपास, हातात भगरीचं पातेलं. "फिरलं का थांबलं हे कळावं कसं?" ती म्हणाली. खिडकीतून आबांचा आवाज आला, "सुरू कर ना. आवाज न्हाई आला."

"सुरूच हाय आबा. हिला आवाज नसतो."

पुन्हा आतून, "मंग गाडी कशाची ती."

मी तिच्यावर बसून मारुतीपर्यंत गेले आणि चढ चढून परत आले. एकदा नाही, रोज. चढाला ती जराही दमायची नाही. आबा खिडकीतून बघायचे, पण बसून बघा म्हटलं की मान हलवायचे. "दसऱ्यालाच बसीन. आधी बसून पडलो तर भागवत त्याच दिवशी नांगर घेऊन येईल."

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. विळे, कुऱ्हाड, खुरपी, फवारणीचा पंप, ट्रॅक्टरचे पाने, सगळं धुऊन पक्क्या खोलीत देवापुढे मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, झेंडूची फुलं, आणि नारळ फोडून त्याचं पाणी सगळ्यांवर शिंपडायचं. एकदा पूजा मांडली की दुसऱ्या दिवशी घट उठेपर्यंत त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. वर्षभर राबलेल्या लोखंडाला ती एक दिवसाची सुटी. त्या वर्षी मायनं माझं मीटर, पक्कड, सोल्डरिंगची कांडीही धुवायला मागितली. धुवू दिली नाही, तर फडक्यानं पुसून मांडली. मग म्हणाली, "अन् ती पेटी? गाडीचा जीव त्या पेटीत हाय म्हणतीस ना? मंग तिची पूजा नगं?"

मला ते पटलं. मी त्याच घरात वाढले होते. पूजेच्या दिवशी आपली वस्तू बाहेर राहावी असं मलाही वाटलं नाही. आम्ही दोघींनी दोन कड्या धरून पेटी आत आणली आणि मधोमध ठेवली. डावीकडे घट, त्याच्यापुढे नऊ दिवसांचा अखंड दिवा, मागे कापूस, आणि कापसाला लागून आबांची खाट. माय दिव्याच्या आणि कापसाच्या मध्ये दरवर्षी एक पत्रा उभा करायची, तो होताच. त्या दिव्यात तेल घालताना ती श्वासही जपून घ्यायची.

नारळ फुटला तेव्हा मी गोठ्यात ब्रेकची तार ओढत होते. आत आले तर पेटीवरून हळदीचे ओघळ खाली आले होते, आणि तारांच्या भोकात एक झेंडू खोचलेला.

"माय, पाणी किती शिंपडलं?"

"बाकीच्याला थोडं थोडं. पेटीला बराबर घातलं." तिच्या आवाजात कौतुक होतं. "ते भोक उघडं दिसत व्हतं, म्हणून फूल खोचलं."

मी मीटर उचलायला वाकले. त्याच्या काचेवर कुंकवाचं बोट होतं.

"हात नगं लावू, वैशे. उद्या घट उठला की घे."

"एकदा बघते नुसतं."

"ऐक तिचं," आबा खाटेवरून म्हणाले. "सणाला वाद नगं."

मी ओढणीच्या टोकानं पेटीचं झाकण पुसलं आणि बाहेर आले. आता मी स्वतः एका तंत्रनिकेतनात शिकवते. पोरं-पोरी स्वतः केलेल्या बॅटऱ्या घेऊन येतात, व्होल्ट सांगतात, किती किलोमीटर जाते ते सांगतात. मी पहिला प्रश्न विचारते, घरी ठेवता कुठं? त्यांना वाटतं मॅडमला बाकी काही कळत नाही.

दसऱ्याची सकाळ चांगली उजाडली. मायनं पुरण शिजत घातलं होतं, पत्र्याच्या खोलीतून गूळ आणि वेलदोड्याचा वास येत होता. आबांनी दाढी केली, नवं धोतर नेसले, टोपी घातली आणि खाटेच्या कडेला बसून राहिले. मी अंगणात गाडी पुसत होते. भागवतकाका कुंपणाशी थांबले. "काय वैशे, झाली का तयारी? आम्ही शिवेवर वाट बघतो." त्यांनी गाडीकडे पाहिलं आणि निघून गेले. आतून आबांनी हाक मारली.

"वैशे, देवापुढची केळी फेकून दे. नासली दिसतात, वास मारून राह्यलीत."

मी आत गेले. वास खरंच होता, गोडसर, आंबूस. मी केळी उचलून नाकाला लावली. केळी चांगली होती. मग मी पेटीवर हात ठेवला. ताप आलेल्या लेकराचं कपाळ लागावं तसा पत्रा हाताला लागला. दिवा तिच्यापासून हातभर लांब. आबा दिव्यापासून दोन हात. आणि त्या सगळ्याच्या वर खिडकीपर्यंत कापूस.

"माय," मी ओरडले नाही, ते कसं जमलं कोण जाणे. "इकडं ये. पेटी बाहेर काढायची."

ती पुरणाचे हात घेऊन दारात आली. "घट उठल्याबिगर? भटजी दुपारी यायचेत."

"पेटी तापली."

"दिव्याजवळ हाय म्हणून तापली असंल."

"न्हाई माय. आतून तापली."

"तुझ्या बापाची गाडी हाय ती," ती हळू आवाजात म्हणाली. "आज त्यांचा दिवस. आजच्या दिवशी मांडलेली पूजा हलवू? काही वंगाळ झालं तर?"

मी काय सांगणार होते? शेल म्हणजे काय, आत पाणी गेलं की काय होतं, हे सगळं मला इंग्रजीतून माहीत होतं आणि मायच्या भाषेत एक शब्द सुचेना. तेवढ्यात पेटीच्या आत टक् असं वाजलं. तव्यावर ज्वारीचा दाणा फुटावा तसं. पुन्हा एकदा. मग बारीक फुसफुस सुरू झाली आणि भोकातला झेंडू आपोआप वर उचलला गेला, कडेला कलला आणि खाली पडला. त्याच्या जागेतून पांढऱ्या धुराची दोरीसारखी रेघ निघाली.

मायनं त्या फुलाकडे पाहिलं. मग धुराकडे, दिव्याकडे, कापसाकडे आणि आबांकडे.

"वैशे, हा धूर पेट घेतो का?"

"घेतो."

ती घटापुढे गुडघ्यावर बसली. एकदा हात जोडले. आणि पुरणानं माखलेल्या दोन बोटांनी दिव्याची वात दाबून विझवली.

आमच्या घरात नवरात्रातला दिवा विझलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. पण त्या क्षणी तिकडे बघायला वेळ नव्हता. मी आबांच्या काखेत हात घालायला गेले तर त्यांनी मला ढकललं. "मला राहू दे. आधी ती पेटी. मी उठेपर्यंत सगळं पेटंल." मायनं खाटेवरची गोधडी ओढली, तिच्या दोन टोकांनी आम्ही कड्या धरल्या आणि पेटी उचलली. फुसफुस वाढत होती. उंबरा ओलांडताना माझी बाजू खाली गेली, पेटी चौकटीला आपटली आणि आतून तडतड आवाज आला. "सोडू नगं," माय म्हणाली. धूर तिच्या तोंडावर येत होता, तिनं मान एका बाजूला वळवली होती आणि पावलं मात्र सरळ पडत होती. अंगण, नळ, गोठ्याचा कोपरा. गोठ्यामागच्या उकिरड्याच्या खड्ड्यात आम्ही पेटी टाकली आणि पळालो. पाठीमागे स्टोव्ह भडकावा तसा आवाज झाला. वळून पाहिलं तर झाकणाच्या फटीतून ज्वाळा आडव्या निघत होत्या, आणि माझ्या नावाचा पांढरा रंग फुगून पापुद्रे होऊन उडत होता.

आबा पक्क्या खोलीच्या दारात उभे होते. चौकट दोन्ही हातांनी धरलेली, पाय लटपटत होते, काठी आतच राहिली होती. पेटीतला एकेक शेल फुटत होता आणि दरवेळी माय दचकत होती. शेवटी तिनं विचारलं, "माझ्या नारळानं झालं का गं?"

मी तोंड उघडलं. माझ्या आधी आबा म्हणाले, "भंगारातला माल. व्हायचंच व्हतं."

खरं काय, ते मला आजही सांगता यायचं नाही. पेटीत नंतर राखेशिवाय काही उरलं नाही. शेल चेपलेल्या गाडीतले होते हे खरं, आणि पाणी आत गेलं होतं हेही खरं. पुढे संक्रांतीच्या सुमाराला आम्ही दुसरी बॅटरी बसवली, कोरी, आणि तिच्यासाठी गोठ्यापासून लांब विटांचं एक खोपट बांधलं. त्या गाडीवर आबा वर्षानुवर्षं शेतात गेले. पण ते नंतरचं. त्या दुपारी आमच्याकडे गाडी होती आणि तिच्यात जीव नव्हता.

सलीमचाचा दरवर्षी दसऱ्याला पुरणपोळी खायला यायचे. त्यांनी आल्या आल्या नाक वर करून वास घेतला. "क्या जलाया रे?"

"गाडी," आबा म्हणाले. "बस. जेव."

चाचा गोठ्यामागे जाऊन बघून आले आणि हात धुऊन ताटावर बसले. खाली मारुतीपाशी हलगी वाजायला लागली होती. माणसं शिवेवर जायला जमत होती. मायनं दिवा पुन्हा लावला, भटजींची वाट न पाहता घट उठवला आणि त्यातले पिवळे लांब तुरे आबांच्या टोपीत खोवले. तिची बोटं काळी झाली होती. आबांनी पोळीचा एक घास खाल्ला, दुसरा हातात धरून ठेवला. हलगी ऐकत होते. मला त्यांच्याकडे बघवेना. चार माणसांत दिलेला शब्द आमच्याकडे मोडत नाहीत. न जाता घरी बसून राहिले असते तरी संध्याकाळी काका सोनं घ्यायला आलेच असते, आणि आबांनी ते दिलं असतं.

"वैशे," ते म्हणाले, "ब्रेक लागतात का?"

"लागतात."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"साखळी उतरव तिची."

मला कळायच्या आधी चाचांना कळलं. त्यांनी हातातली पोळी खाली ठेवली. "उत्तम, तू पागल है क्या? एकबार बैठा नहीं उसपर."

"उतार हाय का न्हाई?"

"है."

"मंग."

बंद मोटर चाकाला अडवू नये म्हणून मी साखळी उतरवली आणि वरचं झाकण पुन्हा लावलं. चाचांनी पेटीच्या रिकाम्या जागेवरची पत्र्याची झाकणं घट्ट केली. बाहेरून काही कळत नव्हतं. दोघांनी धरून आबांना बसवलं, डावा पाय लांब पायदानावर सरळ ठेवला. त्यांच्या मानेवर घाम होता. मी इतकंच सांगू शकले, "मोरीच्या आधी ब्रेक लावू नका. पुढं चढ हाय."

"तुझ्या आधीपासून जातो मी त्या रस्त्यानं," ते म्हणाले, आणि उजवा पाय जमिनीवरून उचलला.

गाडी निघाली. मी आबांची काठी घेऊन चाचांच्या मोटारसायकलीवर त्यांच्या मागे बसले. चाचांनीही आपलं इंजिन सुरू केलं नाही. दोन्ही गाड्या नुसत्या मातीच्या करकरीत उताराला लागल्या. मारुतीपाशी गर्दी रस्ताभर पसरली होती. आबांना हॉर्न नव्हता, त्याची वीज पेटीबरोबरच गेली होती. "सरका," ते एवढंच म्हणाले, आणि माणसं दचकून दोन्ही बाजूंना झाली. हलगीवाल्याचा हात थांबला. त्या शांततेत आबा टोपीतले तुरे हलवत पुढे गेले. एका वळणाशी गाडी कडेला गेली, त्यांचा ताठ पाय बाभळीच्या फांदीला घासला, आणि चाचांच्या तोंडून "या अल्ला" एवढंच निघालं. गाडी सरळ झाली. मग मोरी. चढावर तिचा वेग उतरायला लागला. सायकलवर मी तिथे पुढे वाकायची तसे आबा हँडलवर वाकले. चाक मोरीच्या माथ्यावर आलं आणि जवळजवळ थांबलं. आम्हाला फक्त त्यांची पाठ दिसत होती. उजवा पाय खाली येऊ लागला होता. खाली टेकला असता तर संपलं होतं, ताठ पाय घेऊन गाडी पुढे ढकलणं त्यांना शक्य नव्हतं. पाय तसाच हवेत राहिला. चाक एक वीत पुढे गेलं, आणखी एक वीत, आणि पलीकडच्या उताराला लागलं. शिवेचा धोंडा मागे पडला. आमच्या बांधावरच्या लिंबाखाली जाऊन त्यांनी ब्रेक लावला.

माणसं मागोमाग आली. गाडीभोवती कोंडाळं झालं. "आवाज बी न्हाई, धूर बी न्हाई," एक म्हातारे म्हणाले. कुणी मूठ चाचपली, कुणी पायदान. एकानं विचारलं, "चार्जिंगला लाईट किती लागती, आबा?"

"आजपर्यंत तरी काहीच लागली न्हाई," आबा म्हणाले. चाचांनी तोंड वळवलं आणि खोकल्याचं सोंग केलं.

भागवतकाका गर्दीतून पुढे आले. हातात आपट्याची डहाळी. ते गाडीकडे बघत राहिले, मग वाकले आणि पेटीच्या जागेवरच्या पत्र्यावर बोटांनी वाजवलं. टण् असा पोकळ आवाज झाला. त्यांनी आबांच्या डोळ्यांत पाहिलं. आबांनी नजर हलवली नाही. काकांनी तिथे एक शब्द काढला असता तर पुरे होतं.

आबांनी टोपीतला एक तुरा आणि खिशातली आपट्याची दोन पानं काढून पुढे केली. "घे सोनं, भागवत. बटईचं राहू दे."

काकांनी पानं घेतली, कपाळाला लावली आणि खिशात ठेवली. "सोन्यासारखा ऱ्हा," ते म्हणाले.

मग आबा काठीवर आमच्या कापसात उतरले. उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा. एकेका झाडापाशी थांबत होते, बोंड फोडून बघत होते, खालची ओली माती हातात घेत होते. चाचा आणि मी बांधावर बसून राहिलो, कारण माणसं जाईपर्यंत गाडी हलवता येणार नव्हती. सगळी गेली, हलगी पार गावात जाऊन वाजायला लागली, तरी भागवतकाका लिंबाखाली उभेच. शेवटी त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या.

"उत्तम, ये, बस," ते म्हणाले. "तिघं हाव आम्ही. चढाला ढकलावं लागंल ना आता?"

आबा काठी टेकत येऊन बसले. चाचांची मोटारसायकल लिंबाखालीच ठेवून आम्ही तिघांनी ढकलायला सुरुवात केली, चाचा एका बाजूनं, काका दुसऱ्या, मी मागून. मारुतीपाशी पारावरच्या एकानं हाक मारली, "का हो, ढकलावं लागतं का हिला?"

"नवी हाय," काका धापा टाकत म्हणाले. "घराकडं यायची सवय न्हाई अजून."

माय दारात औक्षणाचं ताट घेऊन उभी होती. किती वेळापासून उभी होती कोण जाणे. आम्ही अगदी जवळ येईपर्यंत तिला आमची चाहूल लागली नाही. आबा गाडीवर दिसले तशी तिनं ताटातल्या दिव्याभोवती काळ्या बोटांचा आडोसा धरला. वारा नव्हता, तरीही.